बैलगाडीचा नंबर आधी

सकाळी उठल्यावर वीरभद्रला आधी तोंड धुवायचं सुचत नसे. तो मागच्या खोलीत जायचा, कॉम्प्युटरसमोर उभ्या उभ्याच ‘डॉकर पीएस’, म्हणजे काय चालू आहे ते दाखव, एवढं टाईप करायचा आणि खाली उमटणारी एकच ओळ वाचायचा. नाव कापूस, स्थिती चालू, आठ महिन्यांपासून. ओळ दिसली की मग तोंड धुवायला. दुकानाला जाताना पुन्हा एकदा बघायचा, जेवायला आला की पुन्हा. कधी कधी गिऱ्हाईक दुकानात बसवून, ‘आलोच’ म्हणून निघायचा आणि सायकलवर घरी येऊन बघून जायचा.

त्याची आई मल्लम्मा ओसरीत बसून हे बघायची. एवढ्या खेपा देवाला घातल्या असत्या तर देव बेजार होऊन पावला असता, असं तिनं एकदा म्हणूनही दाखवलं. आईला कळत होतं आणि त्यालाही कळत होतं की खेपा कशासाठी आहेत.

त्रिवेणी वैशाखात गेली. कावीळ झाली, ती उतरली नाही. परभणीच्या दवाखान्यातून तिला परत आणलं ते मळ्यात समाधी द्यायलाच. तिच्या साड्या तिच्या बहिणी घेऊन गेल्या, चष्मा कपाटात गेला, चपला मल्लम्मानं कुठे ठेवल्या ते त्यानं विचारलं नाही. पण मागच्या खोलीतला कापूस मात्र तिनं फाल्गुनात मशीन साफ करून पुन्हा चालू केला होता आणि तो अजून चालूच होता. तिनं हातानं चालू केलेली आणि अजून न थांबलेली घरातली ती एकच गोष्ट होती.

वीरभद्रचं सेलूत इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान. त्रिवेणी लग्नाआधीच कॉम्प्युटर शिकलेली, घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायची. गावाबाहेरच्या जिनिंग कारखान्यापुढं हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, माणसं दोन दोन दिवस गाडीखाली झोपायची. ते बघून तिनं नंबर देणारा प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव कापूस ठेवलं. शेतकऱ्यानं व्हॉट्सॲपवर गाव आणि गाडी कशाची ते कळवायचं, त्याला नंबर आणि वेळ यायची, त्या वेळेला त्यानं गाडी आणायची. मागचे दोन हंगाम जिनिंगचं फाटक त्यावरच चाललं. आतलं सगळं त्रिवेणीचं, करंट वीरभद्रचा. त्यानं त्या कॉम्प्युटरला चार मोठ्या बॅटऱ्या लावल्या होत्या. सेलूत अर्धा दिवस लाईट गेली तरी मागच्या खोलीत पंख्याची भुणभुण थांबायची नाही. ‘माझ्या जिवावर चाललंय तुझं,’ असं तो तिला चिडवायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

इमेज आणि कंटेनर यातला फरक तिनं त्याला दिवाळीत करंज्या करताना सांगितला होता. इमेज म्हणजे करंजीचा साचा. त्यातनं निघाली ती करंजी म्हणजे कंटेनर, चालतं ते हे. आता निघालेल्या करंजीची कड मी हातानं मुरडली, तर ती मुरड त्या करंजीलाच. साच्याला तिचा पत्ता नाही. साच्यात हवी असेल तर साचाच नवा करावा लागतो. त्यावर वीरभद्रनं विचारलं होतं, मग तू साचा का करत न्हाईस? ती म्हणाली, आपलं नेट बघितलंय का? एक इमेज बनवायची तर खालून निम्मी दुनिया उतरवावी लागती. तुमच्या बॅटऱ्या हाईत तोवर मला घाई न्हाई. एखाद्या रविवारी निवांत करीन.

तसे रविवार पुष्कळ आले. ती चालत्या कंटेनरमध्येच शिरायची, जिथं लागेल तिथं हातानं बदल करायची आणि बाहेर यायची. कापूस बंद पडायचाच नाही, त्यामुळं साच्याची आठवण व्हायचं कारणच नव्हतं.

दिवाळी झाली आणि जिनिंगचा मुनीम रविकांत दुकानात आला. सोमवारी फाटक उघडायचं होतं. मालकांनी फाटकाच्या खोलीत नवा कॉम्प्युटर घेतला होता. मॅडमचं काम त्यावर आणून बसवा, असं त्यानं सांगितलं. जुन्या मशीनचा पंखा आता रडायला लागला होता हे वीरभद्रला रविकांतपेक्षा जास्त माहीत होतं. आठवडाभर तो त्याच्या बाजूला टेबलफॅन लावून ठेवत होता. तरी त्यानं रविकांतला बघू, बघतो, असंच उत्तर दिलं. न्यायचं म्हणजे आधी थांबवायचं.

त्यानं पंकजला फोन केला. पंकज त्रिवेणीचा धाकटा भाऊ, मानवतचा, पुण्यात याच कामात होता. पंकजनं आपल्याकडची नोंद तपासली. ताईनं नेटवर चढवलेली इमेज पार पहिल्या हंगामाच्या आधीची निघाली. त्यानंतरचं जे काही होतं ते सेलूच्या त्या एका मशीनवर, त्या एका कंटेनरच्या पोटात होतं.

काही अवघड न्हाई दाजी, असं पंकज म्हणाला. आधी स्टॉप करायचं, म्हणजे आतलं हलणार नाही. मग कमिट, म्हणजे आहे त्या करंजीवरनंच नवा साचा घ्यायचा. मग सेव्ह करून पेनड्राइव्हवर उतरवायचं आणि जिनिंगच्या कॉम्प्युटरवर लोड करायचं. त्यानं चारही आज्ञा व्हॉट्सॲपवर पाठवल्या आणि मग जरा हळू आवाजात बोलला.

“दाजी, एक करा. आर एम ही दोन अक्षरं तुमच्या हातनं उमटू देऊ नका. स्टॉप केलेला पुन्हा उठतो. आर एम म्हणजे काढून टाकणं, तो उठत न्हाई.”

“मला काय येडा समजायलास का?”

“न्हाई हो. ताईचं हाय म्हणून म्हणलं.”

“माझी कोण हाय मग ती?” वीरभद्र म्हणाला आणि फोन ठेवला. ठेवल्यावर त्याला वाईट वाटलं, पण परत लावला नाही.

शनिवारी दुपारी तो दुकान बंद करून घरी आला. आल्या आल्या पीएस केलं, ओळ वाचली. बॅटऱ्यांचं पाणी बघायला गेला, परवाच भरलेलं होतं. परत येऊन बसला. स्टॉप लिहिलं, पुसलं, उठला, पाणी प्यायला. मल्लम्मानं विचारलं, काय शोधायलास? काही न्हाई म्हणाला. पुन्हा बसला, पुन्हा लिहिलं आणि या वेळी विचार न करता एंटर दाबलं.

मशीन दहाएक सेकंद घुटमळलं आणि कापूस हे नाव खाली उमटलं. त्यानं पीएस केलं. वरचं शीर्षक तेवढं आलं, खाली काही नाही. एवढ्या महिन्यांत ती जागा त्यानं कधी रिकामी बघितली नव्हती. थांबलाय, गेला न्हाई, असं स्वतःला सांगत त्यानं घाईनं पंकजची दुसरी आज्ञा लिहिली. घाई अशी की साचा एकदा हाती आला की लगेच चालू करायचं, ती जागा रिकामी ठेवायची नाही.

मशीननं ऐकलं नाही. डिस्कवर जागा उरली नाही, असं त्यानं कळवलं.

त्यानं पंकजला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मीटिंगमध्ये आहे, तासाभरात करतो, असा मेसेज आला. तासभर काय करायचं? तो ओसरीत गेला, परत आला. पंखा रडत होता. हे मशीन तासाभरात बसलं तर? तो अंगणात गेला, चपला घातल्या, काढल्या, पुन्हा आत आला. त्याच्या डोक्यात एकच होतं, की जागा पाहिजे.

आणि जागा कशी करायची ते त्याला माहीत होतं. त्रिवेणी दर शनिवारी करायची. ‘झाडून काढते जरा’ म्हणायची आणि ‘डॉकर सिस्टिम प्रून’ लिहायची. मशीन काहीतरी चार ओळींची धमकी द्यायचं आणि विचारायचं, करू का? ती न वाचताच वाय दाबायची. भाजी निवडता निवडता, एका हातानं. मग जुनापुराणा कचरा निघून जायचा आणि जागा मोकळी व्हायची. त्यानं हे इतक्या वेळा बघितलं होतं की त्याच्या बोटांनाही ते पाठ होतं. यात आर एम कुठंच नव्हतं.

त्यानं लिहिलं. मशीननं चार ओळी दिल्या. त्यानं वाय दाबलं.

एक लांबलचक आकडे-अक्षरांची ओळ आली, मग आणखी काही ओळी, आणि शेवटी बरीच जागा मोकळी झाल्याचं आलं. वीरभद्रला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी काहीतरी जमलं असं. त्यानं पुन्हा कमिट लिहिलं.

कापूस नावाचा कंटेनर नाही, असं उत्तर आलं.

त्यानं नाव तपासलं. बरोबर होतं. पुन्हा लिहिलं, तेच उत्तर. मग स्क्रीन वर सरकवून प्रूनच्या वेळी आलेल्या त्या चार ओळी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा वाचल्या. पहिलीच ओळ होती, थांबलेले सगळे कंटेनर काढले जातील.

त्रिवेणीच्या हातनं हे कधी झालं नाही, कारण तिचा कापूस कधी थांबलेला नसायचाच. चालत्याला झाडू लागत नाही. त्याच्या बॅटऱ्यांनी तो थांबू दिला नव्हता, म्हणून तिनं साचा केला नव्हता, आणि म्हणूनच वाय दाबायची भीती घरात कुणालाच शिकवली गेली नव्हती.

पंकजचा फोन आला तेव्हा तो खुर्चीतच होता. त्यानं सगळं सांगितलं, एका दमात, काही न गाळता.

“दाजी, स्क्रीनचा फोटो पाठवा.”

त्यानं पाठवला.

“गेलं,” पंकज म्हणाला. “शेतकऱ्यांची नावं, फोन वेगळे ठेवले होते ताईनं, ते हाईत. जुनी इमेज हाय. ताईनं मागनं हातानं जे केलं ते गेलं.”

“काय काय केलं होतं तिनं?”

“मला काय माहीत? तुमी होता ना घरात.”

हा टोमणा नव्हता, तरी तो बसायचा तिथं बसला. वीरभद्र घरात होता, तिच्या पाठीमागे बाजेवर पडून मोबाईल बघत असायचा. ती बोलायची, तो हूं म्हणायचा.

त्या रात्री तो जेवला नाही. मल्लम्मानं ताट तसंच झाकून ठेवलं. काय झालं ते तिला नीट कळलं नव्हतं, पण पोराचं तोंड वैशाखातल्यासारखं झालेलं तिला दिसत होतं. तिनं विचारलं, तिचं काही फुटलं का? हो म्हणाला.

सोमवारी फाटक उघडलं. नव्या कॉम्प्युटरवर जुनी इमेज लावली होती, तिचा कंटेनर चालू होता. नंबर येत होते. पण दहाच्या सुमाराला फाटकात गलका झाला. ट्रॅक्टर एकामागून एक आत जात होते आणि बैलगाड्या उन्हात उभ्या होत्या. जुना प्रोग्राम, ज्याचा मेसेज आधी त्याला नंबर आधी, एवढंच ओळखत होता.

वालूरकडची गोजरबाई जू खांद्यावर घेतल्यासारखी बैलांच्या मध्ये उभी होती. साठीची बाई, गाडी स्वतः हाकत आणायची. ती खिडकीशी आली आणि मोबाईल आत ढकलला.

“हे रातचे नऊ काय म्हणून देयलाय मला? दोन साल झाले, बैलगाडीला आधी घेते म्हणून बाईनं जबान दिली होती.”

वीरभद्रनं विचारलं, कधी दिली होती?

“फोनवर. मी म्हणलं, माय, ट्रॅक्टर रातभर उभा राहतो, त्याला वैरण लागत न्हाई. बैलानं काय करावं? तर म्हणली, बैलाला मोबाईल कळत न्हाई मावशी, पर मला बैल कळतो. दुसऱ्या दिसापासून आमचे नंबर आधी यायलागले.” तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. “तुमी तिचे मालक का? मग तुमाला ठाऊक न्हाई व्हय?”

त्यानं मान हलवली. हो की नाही ते त्यालाही कळलं नाही.

त्या दिवशी नंबर बाजूला ठेवून तो स्वतः फाटकात उभा राहिला आणि बैलगाड्या हातानं आत सोडल्या. ट्रॅक्टरवाल्यांनी आरडाओरड केली. एकानं त्याला, बॅटरीवाल्या, तुझी चार्जिंग उतरली का, असं विचारलं. रविकांत मध्ये पडला म्हणून पुढं काही झालं नाही. संध्याकाळी पाय सुजले, तरी वीरभद्रला घरी जावंसं वाटेना. तो रांगेतून पुढून मागं, मागून पुढं फिरत राहिला आणि प्रत्येक गाडीपाशी एकच विचारत राहिला, मागच्या साली तुमाला नंबर कसा यायचा? त्रिवेणी तुमच्याशी काय बोलली होती?

लोक सांगत होते. भाड्याच्या टेंपोवाल्याला ती ताटकळत ठेवायची नाही, कारण भाडं तासावर चढतं. एकाच गावच्या गाड्यांना लागून लागून नंबर द्यायची, म्हणजे परतताना सोबत होते. एकट्या बाईला अंधार पडायच्या आधीचा. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, की मला लिहिता येत न्हाई तर नुसता बैलाचा फोटो धाड म्हणली, तेवढ्यावर नंबर यायचा. कुणी सांगताना हसत होतं, कुणी गेलेल्या माणसाबद्दल बोलताना काढतात तसा आवाज काढत होतं. वीरभद्रच्या घरात, त्याच्या पाठीमागे, ती बाई एवढ्या लोकांशी बोलत होती.

रविकांतनं जाता जाता आणखी एक सांगितलं.

“आणि एक ते पावणेदोन ती नंबरच द्यायची न्हाई. गेट रिकामं राहायचं. हमालांची सुट्टी तर बाराची. आमी म्हणायचो, मॅडम जेवायला बसल्या वाटतं.”

एकला वीरभद्र दुकानातून घरी यायचा. पावणेदोनला परत जायचा. फाटकावर काही अडलं की फोन तिलाच यायचा, पण जेवताना तो कधी वाजल्याचं त्याला आठवत नव्हतं, आणि का वाजत नाही असंही त्याच्या कधी मनात आलं नव्हतं.

पंकज बुधवारी सकाळच्या गाडीनं सेलूला उतरला. स्टेशनवरून घरी न जाता तो थेट फाटकावर आला. पंकजनं बॅग खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि म्हणाला, सांगा दाजी.

वीरभद्रनं एकेक सांगितलं. पंकज लिहीत गेला. मध्येच अडायचा. टेंपो आणि बैलगाडी एकाच वेळी आली तर? वीरभद्र खिडकीतून बाहेर जाऊन विचारून यायचा. या वेळी बदल चालत्या कंटेनरमध्ये नव्हते, साच्यातच लिहिले जात होते. शेवटी पंकजनं विचारलं, आणखी काही?

“एक ते पावणेदोन ती नंबर देत नव्हती.”

“का?”

“मी जेवायला यायचो.”

पंकजची बोटं कळांवर तशीच राहिली. त्यानं मान वर केली नाही. “हे टाकायचं का मग?”

बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या. गोजरबाई वालूरहून दुसरी खेप घेऊन आली होती, बैलांच्या तोंडापुढं कडबा टाकत होती.

“नको,” वीरभद्र म्हणाला. “पाऊण तास बैल उन्हात राहतील.”

इमेज बनायला वेळ लागला. नेट मध्येच गेलं, पुन्हा आलं. वीरभद्र खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारत होता. बनल्यावर पंकजनं कंटेनर चालू केला, पीएस करून दाखवलं आणि उठून खुर्ची त्याला दिली.

“आता आर एम करा.”

“काय?”

“थांबवा आणि आर एम करा. तुमच्या हातानं. त्याशिवाय तुमाला झोप यायची न्हाई.”

वीरभद्र बसला. त्यानं स्टॉप लिहिलं. मग ती दोन अक्षरं लिहिली, त्यांच्याकडं बघत राहिला आणि एंटर दाबलं. पीएस केलं. शीर्षकाखालची जागा रिकामी. मग पंकजनं सांगितलेली ओळ लिहून त्यानं साच्यातून नवा काढला. पीएस केलं. कापूस, चालू, तीन सेकंदांपासून. ट्रॅक्टरांचे मेसेज आधीच येऊन पडले होते. त्यानं आपल्या मोबाईलवरून मेसेज धाडला, वालूर, बैलगाडी. पहिला नंबर आला.

कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं पुन्हा थांबवला, पुन्हा काढून टाकला, पुन्हा लावला. पुन्हा पहिला नंबर आला. तिसऱ्यांदा त्यानं आर एम लिहिलं तेव्हा पंकजनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वीरभद्रनं हात झटकला नाही, पण थांबलाही नाही. हा दर वेळी परत येत होता. त्याला ते बघवतही नव्हतं आणि बघणं सोडवतही नव्हतं.

गोजरबाई खिडकीशी आली.

“भाऊ, तुमचं बंद-चालू झालं असंल तर माझं बघा. नंबर कधी लागायचा?”

त्यानं कापूस शेवटचा लावला आणि हात कळांवरून काढून मांडीवर ठेवले. “धाडा मावशी, आता धाडा.”

तिनं बोटानं चाचपडत मेसेज धाडला. एक वाजून गेला होता. फाटक उघडं होतं. गोजरबाईच्या हातातला फोन वाजला आणि ती बैलांकडं वळली.